पोर्टल बंद, ओटीपी गायब, मार्क दिसत नाहीत: कॉलेजात नेमकं कोणत्या खिडकीवर जायचं?

बारावीनंतर मी महाडीबीटीचा पहिला फॉर्म तालुक्याच्या नेट कॅफेत भरला. घरी कॉम्प्युटर नव्हता आणि माझा स्वतःचा मोबाइल नंबरही नव्हता. कॅफेवाल्या दादाने स्वतःचा नंबर टाकला, एक ईमेल आयडी तिथल्या तिथे बनवला, पासवर्ड एका चिठ्ठीवर लिहून दिला. दुसऱ्या वर्षी रिन्यूअल करायची वेळ आली तेव्हा ती चिठ्ठी हरवली होती आणि दादाने नंबर बदलला होता. ओटीपी कुठे जात होता कुणास ठाऊक. कॉलेजच्या ऑफिसात गेले तर ते म्हणाले, समाजकल्याणला विचारा. तिथले म्हणाले, कॉलेजला विचारा.

ही गोष्ट माझ्या एकटीची नाही. शिष्यवृत्ती वेळेत आली नाही की फी भरायला घरी पैसे मागावे लागतात, आणि काही घरांत ते मागता येत नाहीत. आज प्रवेशापासून पदवीच्या प्रमाणपत्रापर्यंत सगळं कुठल्या ना कुठल्या पोर्टलवर आहे. ते अडलं तर मदत कोण करतं, हे मात्र कॉलेजच्या माहितीपुस्तकात क्वचितच असतं. म्हणून हा लेख.

एकच हेल्पडेस्क का नाही?

आयआयटी मुंबईसारख्या निवासी संस्थेत कॉम्प्युटर सेंटर असतं. वाय-फाय, ईमेल, लॉगिन, सॉफ्टवेअर अशा बऱ्याच गोष्टी तिथून चालतात आणि विद्यार्थ्याला एकच लॉगिन मिळतं. अडचण आली की कुठे जायचं हे पहिल्याच आठवड्यात कळतं.

पण महाराष्ट्रातले बहुतेक विद्यार्थी विद्यापीठाच्या आवारात शिकतच नाहीत. ते संलग्न कॉलेजात असतात. त्यांचा वर्ग एका गावात, परीक्षा विभाग दुसऱ्या शहरात, शिष्यवृत्ती राज्य सरकारच्या पोर्टलवर आणि क्रेडिट केंद्र सरकारच्या डिजिलॉकरमध्ये. महाराष्ट्र सार्वजनिक विद्यापीठे अधिनियम, २०१६ मध्ये प्रत्येक विद्यापीठात माहिती तंत्रज्ञान मंडळ असावं अशी तरतूद आहे. कागदावर जबाबदारी ठरलेली आहे. प्रत्यक्षात तुमच्यासमोर असतो तो ऑफिसातला एक क्लार्क, ज्याच्याकडे प्रवेश, बोनाफाईड, रेल्वे पास आणि पोर्टल असं सगळंच असतं. त्याच्यावर चिडून उपयोग नाही, कारण निम्म्या गोष्टी त्याच्या लॉगिनमधून होतच नाहीत.

त्यामुळे आधी अडचण कोणाच्या हद्दीत येते ते ओळखा. नाव, जन्मतारीख किंवा विषय चुकला असेल तर कॉलेज ऑफिस. हॉल तिकीट, गुण, पुनर्मूल्यांकन असेल तर विद्यापीठाचा परीक्षा विभाग, पण अर्ज बहुधा कॉलेजमार्फतच जातो. वाय-फाय आणि कॉलेजचा ईमेल कॉम्प्युटर लॅबचे प्रमुख किंवा सिस्टिम अॅडमिन बघतात. जर्नल आणि ई-बुकं ग्रंथपालांकडे. शिष्यवृत्तीचं प्रकरण यातलं सगळ्यात किचकट, त्याकडे लगेच येऊ.

शिष्यवृत्ती: खातं ‘लिंक’ आहे, तरी पैसे का येत नाहीत?

महाडीबीटीवरचा अर्ज तुम्ही सबमिट केलात की आधी तो कॉलेजच्या लॉगिनमध्ये जातो. तिथल्या क्लार्कने तपासून पुढे पाठवला तरच तो विभागाकडे पोचतो. म्हणजे ‘अर्ज भरला’ आणि ‘अर्ज गेला’ या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. स्टेटसमध्ये अर्ज कोणाच्या टेबलावर आहे ते दिसतं. तो कॉलेजकडेच असेल तर समाजकल्याणच्या ऑफिसात खेटे घालण्यात अर्थ नाही.

दुसरा घोळ बँकेचा. बँकेत आधार कार्डाची झेरॉक्स दिली, केवायसी झालं, की आपल्याला वाटतं खातं लिंक झालं. पण सरकारी पैसे आधार क्रमांकावरून पाठवले जातात, आणि कोणत्या बँकेत टाकायचे हे एनपीसीआयच्या नोंदीवरून ठरतं. याला आधार सीडिंग म्हणतात. एका वेळी एकच बँक या नोंदीत असते. तुम्ही मधे कुठल्यातरी पेमेंट बँकेचं खातं उघडलंत, आणि तेव्हा नकळत संमतीवर टिक केलीत, तर शिष्यवृत्ती त्या खात्यात जाऊन पडलेली असू शकते. अनेकांचे ‘गायब’ पैसे असेच कुठेतरी सापडतात. माय आधार पोर्टलवर ‘बँक सीडिंग स्टेटस’ बघितलं की कोणती बँक जोडली आहे आणि नोंद चालू आहे की बंद, हे कळतं. चुकीची असेल तर हव्या त्या बँकेत जाऊन सीडिंगचा फॉर्म द्यायचा. ‘केवायसी करायचं आहे’ असं म्हणू नका, ‘डीबीटीसाठी आधार सीडिंग’ असंच म्हणा.

आणि हे करण्यासाठी आधारला तुमचा स्वतःचा चालू मोबाइल नंबर जोडलेला हवा. नसेल तर आधार केंद्रात जाऊन तो जोडून घेणं हे प्रवेशाच्या आठवड्यातलं पहिलं काम समजा. वडिलांचा नंबर चालेल का? चालेल, पण ते शेतात आणि तुम्ही हॉस्टेलवर असाल तर दर ओटीपीला फोन करावा लागेल, हे धरून चाला.

नाव उलटं का दिसतं?

शैक्षणिक क्रेडिटच्या खात्याचं, म्हणजे एबीसीचं, नियमन यूजीसीने २०२१ मध्ये आणलं. त्यात विद्यार्थ्याला १२ अंकी क्रमांक मिळतो. आता त्यालाच ‘अपार’ आयडी म्हणतात आणि तो डिजिलॉकरमध्ये दिसतो. एका कॉलेजात मिळवलेले क्रेडिट दुसरीकडे नेता यावेत, मधे शिक्षण सुटलं तर पुन्हा जोडून घेता यावं, हा त्यामागचा हेतू. साठवलेले क्रेडिट वापरण्याची मुदत जास्तीत जास्त ७ वर्षं आहे.

मराठी मुलांची इथे एक खास अडचण होते. बोर्डाच्या गुणपत्रिकेवर आधी आडनाव, मग नाव, मग वडिलांचं नाव येतं. आधारवर बऱ्याचदा नाव आधी आणि आडनाव शेवटी. काहींच्या आधारवर वडिलांचं नावच नसतं, काही मुलींचं लग्नानंतर आडनाव बदललेलं असतं. माणसाला कळतं की ही एकच व्यक्ती आहे, कॉम्प्युटरला दोन वेगळ्या व्यक्ती वाटतात. मग आयडी तयार होतो, पण विद्यापीठाच्या नोंदीशी जुळत नाही आणि क्रेडिट रिकामं दिसतं.

क्रेडिट तुम्ही स्वतः भरू शकत नाही. ते विद्यापीठानेच जमा करायचे असतात. त्यामुळे ‘शून्य क्रेडिट’ दिसलं तर घाबरून दुसरं खातं उघडू नका, एका माणसाचे दोन आयडी झाले तर घोळ वाढतो. पीआरएन, आधारवरचं नाव आणि गुणपत्रिकेवरचं नाव एका कागदावर लिहून कॉलेजच्या एबीसी समन्वयकाकडे द्या. असा समन्वयक आहे हे अनेक विद्यार्थ्यांना माहीतच नसतं.

डिजिलॉकरबद्दल आणखी एक. त्यात ‘इश्यूड’ विभागात आलेली गुणपत्रिका किंवा पदवी कायद्याने मूळ कागदाइतकीच ग्राह्य आहे. तुम्ही स्वतः स्कॅन करून अपलोड केलेल्या कागदाला तो दर्जा नाही. मुलाखतीला जाताना हा फरक महागात पडतो.

फुकट असूनही न वापरलं जाणारं

वाय-फायचा पासवर्ड सगळे विचारतात, एड्युरोमबद्दल फारसं कोणी विचारत नाही. ही जगभरातल्या विद्यापीठांची सामायिक वाय-फाय सेवा आहे. भारतात ती अर्नेट चालवतं. तुमचं कॉलेज तिच्यात असेल तर तुमच्याच आयडी-पासवर्डने दुसऱ्या शहरातल्या, दुसऱ्या देशातल्याही सहभागी कॅम्पसवर नेट चालतं. तुम्ही पुण्याचे आणि परिषदेसाठी बंगळुरूला गेलात, तर तिथलं नेटवर्क तुमची ओळख पुण्याच्या सर्व्हरकडून पडताळून घेतं. पासवर्ड यजमान संस्थेला दिसत नाही. एकच काळजी घ्या: घरून निघण्यापूर्वी आपल्याच कॅम्पसवर एकदा जोडून बघा आणि युजरनेममध्ये @ नंतरचा संस्थेचा भाग पूर्ण लिहा. बाहेर गेल्यावर न चालण्याचं कारण बहुतेक वेळा तोच भाग असतो.

दुसरी गोष्ट जर्नलची. केंद्रीय मंत्रिमंडळाने २५ नोव्हेंबर २०२४ रोजी ‘वन नेशन वन सबस्क्रिप्शन’ योजना मंजूर केली. ३ वर्षांसाठी ६,००० कोटी रुपये, ३० प्रकाशक आणि जवळपास १३,००० जर्नल. केंद्र आणि राज्य सरकारच्या ६,३०० हून अधिक उच्च शिक्षण आणि संशोधन संस्थांसाठी ती आहे. गांधीनगरचं इन्फ्लिबनेट तिचं काम बघतं. म्हणजे जिल्ह्याच्या सरकारी कॉलेजात एमएस्सी करणारी मुलगी आता मोठ्या संस्थेतल्या विद्यार्थ्यासारखाच पेपर उघडू शकते. खासगी विनाअनुदानित कॉलेजं मात्र योजनेत नाहीत, आणि आपल्याकडे अशी कॉलेजं किती आहेत हे वेगळं सांगायला नको. कॅम्पसबाहेरून वाचायचं असेल तर ग्रंथपालांकडून वेगळं लॉगिन करून घ्यावं लागतं. ते विचारल्याशिवाय सहसा मिळत नाही, विचारा.

ज्यांना स्क्रीन दिसत नाही त्यांचं काय?

दृष्टिहीन विद्यार्थी एनव्हीडीएसारखं मोफत सॉफ्टवेअर वापरून स्क्रीन ऐकतात. पण परीक्षेचं वेळापत्रक फोटो काढून पीडीएफमध्ये टाकलं असेल तर त्यात ऐकण्यासारखं काहीच नसतं. मराठीत त्यात आणखी भर पडते: अनेक ऑफिसं अजून युनिकोडऐवजी जुन्या फॉन्टमध्ये टाइप करतात. दिसायला सूचना नीट दिसते, स्क्रीन रीडर मात्र इंग्रजी अक्षरांचा अर्थहीन गोंधळ वाचून दाखवतो. लॉगिनच्या कॅप्चाला आवाजाचा पर्याय नसेल तर दार तिथेच बंद.

दिव्यांग व्यक्तींचे हक्क अधिनियम, २०१६ नुसार माहिती सुलभ स्वरूपात मिळणं हा हक्क आहे. मुंबईत सेंट झेवियर्स कॉलेजमध्ये दृष्टिहीनांसाठीचं संसाधन केंद्र गेली दोन दशकं हेच काम करतंय. तुमच्या कॉलेजात असं केंद्र नसेल, तरी ‘ही सूचना युनिकोडमध्ये द्या’ असा एका ओळीचा अर्ज करता येतो. त्यासाठी एक रुपयाही खर्च येत नाही.

यंत्रणाच बसली तर?

२०१७ चा उन्हाळा मुंबई विद्यापीठाच्या विद्यार्थ्यांना आठवत असेल. उत्तरपत्रिका ऑनलाइन तपासायचं ठरलं आणि त्याच परीक्षेला ते लागू झालं. सुमारे १७ लाख उत्तरपत्रिका स्कॅन करायच्या होत्या. प्राध्यापकांना पुरेसा सराव नव्हता. राज्यपालांनी ३१ जुलैची मुदत दिली, ती हुकली. पदव्युत्तर प्रवेश आणि परदेशातले प्रवेश अडकले. ऑक्टोबरमध्ये राज्यपालांनी कुलगुरूंना पदावरून दूर केलं. त्या वेळी कॉलेजच्या खिडकीवर कितीही रांग लावली तरी उत्तर तिथे नव्हतंच.

म्हणून लेखी तक्रारीचा मार्ग माहीत हवा. यूजीसीच्या २०२३ च्या विनियमांप्रमाणे प्रत्येक संस्थेत विद्यार्थी तक्रार निवारण समिती असायला हवी, आणि त्यात विद्यार्थी प्रतिनिधीला निमंत्रित म्हणून जागा आहे. निकालाला उशीर, शिष्यवृत्तीला दिरंगाई, कागदपत्रं अडवून ठेवणं हे सगळं तिच्या कक्षेत येतं. समितीने शक्यतो १५ कामकाजाच्या दिवसांत अहवाल द्यायचा असतो. तिच्या निर्णयाने समाधान झालं नाही तर विद्यापीठाच्या लोकपालाकडे अपील करता येतं. यूजीसीचं ई-समाधान पोर्टलही आहे.

तक्रार लिहिताना ‘पोर्टल चालत नाही’ एवढंच लिहू नका. पीआरएन, तारीख, वेळ, कोणत्या पानावर अडलं आणि एररचा स्क्रीनशॉट द्या. ऑफिसात तोंडी बोललात तरी संध्याकाळी एक ईमेल टाका: ‘आज आपल्याशी बोलणं झालं त्याप्रमाणे…’ पुढे कुठेही जायचं झालं तर हाच ईमेल कामाला येतो.

‘तुमची शिष्यवृत्ती अडकली आहे, ओटीपी सांगा’ असा फोन आला तर ती मदत नाही, फसवणूक आहे. पैसे गेलेच तर लगेच १९३० वर फोन करा. पहिले काही तास महत्त्वाचे असतात.

शेवटच्या सेमिस्टरमध्ये

कॉलेजने दिलेला ईमेल कायमचा नसतो. गुगलने २०२२ पासून शैक्षणिक संस्थांची अमर्याद साठवण बंद केली, तेव्हापासून अनेक संस्था पास झालेल्यांची खाती लवकर बंद करू लागल्या आहेत. प्रोजेक्टच्या फाइल, प्राध्यापकांची शिफारसपत्रं, इंटर्नशिपचे मेल निकालाआधीच स्वतःच्या खात्यात हलवा. लिंक्डइन, नोकरीची पोर्टल, स्पर्धा परीक्षांचे अर्ज यांवर कॉलेजचा ईमेल दिला असेल तर तोही बदला.

माझं महाडीबीटीचं खातं सुटायला दोन महिने लागले. आधी आधारला स्वतःचा नंबर जोडला, मग कॉलेजच्या लेटरहेडवर पत्र घेतलं, मग प्रोफाइलमधला नंबर बदलून मिळाला. पत्र टाइप करून देणाऱ्या क्लार्क मॅडम म्हणाल्या, त्या आठवड्यातलं हे अकरावं होतं आणि त्यातल्या चौघांचा नंबर त्याच कॅफेचा होता.