आर-टू-डी-टू: सिनेमात तुकड्यांत, गॅरेजात अख्खा

आज आपण एका बुटक्या, गोल डोक्याच्या, शिट्ट्या मारत बोलणाऱ्या रोबोची गोष्ट ऐकणार आहोत. ज्यांना आत्ता ऐकायला जमत नाहीये त्यांच्यासाठी नेहमीप्रमाणे हा लिखित मजकूर. रोबोचं नाव आर-टू-डी-टू. 'स्टार वॉर्स' बघितला नसेल तरी काही बिघडत नाही. टी-शर्टवर, मीममध्ये, कुणाच्या तरी लॅपटॉपच्या स्टिकरवर तो तुम्हाला भेटलेला असणारच.

प्रश्न एवढाच, की हा रोबो बनवला कुणी? सरळ उत्तर आहे: जॉर्ज लुकासच्या टीमने, १९७६ साली, लंडनजवळच्या एल्स्ट्री स्टुडिओत. उत्तर बरोबर आहे, पण अर्धं. कारण तेव्हा जे बनलं तो एक अख्खा रोबो नव्हताच. चालणारा, मान फिरवणारा, आवाज काढणारा, दोन पायांवर उभा असताना तिसरा पाय बाहेर काढणारा, असं सगळं एकाच कवचात बसवण्याचं वेड नंतर घेतलं चाहत्यांनी, आपापल्या गॅरेजमध्ये. आज इतिहास त्या वेडाचा.

शब्द आधी आला, यंत्र नंतर

थोडं मागे जाऊया. 'रोबो' हा शब्द जगाला दिला तो एका नाटकाने. कारेल चापेक या चेक लेखकाचं 'आर. यू. आर.' हे नाटक १९२० साली छापलं गेलं आणि १९२१ साली प्राग शहरात रंगभूमीवर आलं. शब्द सुचवला त्याच्या भावाने, योसेफने. मूळ चेक शब्द 'रोबोटा', म्हणजे आपल्याकडची वेठ. जमीनदारासाठी फुकट राबायचं, ती. म्हणजे रोबो या शब्दाच्या पोटातच 'दुसऱ्यासाठी राबणारा' हा अर्थ आहे.

खराखुरा कारखान्यातला रोबो यायला पुढे चाळीस वर्षं गेली. 'युनिमेट' नावाचा यांत्रिक हात १९६१ साली अमेरिकेत जनरल मोटर्सच्या कारखान्यात कामाला लागला. गरम धातूचे भाग उचलणं हे त्याचं काम. उपयोगाचा होता, पण त्याच्यावर कुणाचा जीव जडला नाही.

जीव जडला तो सिनेमातल्या रोबोंवर. १९७२ साली 'सायलेंट रनिंग' नावाचा सिनेमा आला. त्यात ह्युई, ड्युई आणि लुई अशी तीन छोटी यंत्रं होती. त्यांच्या आत पाय नसलेले कलाकार हातांवर चालत काम करत होते. बोलत नसलेलं, माणसासारखं दिसत नसलेलं यंत्रसुद्धा प्रेक्षकाला रडवू शकतं, हे त्या सिनेमाने दाखवून दिलं.

आणि 'ड्रॉइड' हा शब्द? तो 'अँड्रॉइड'चा छोटा अवतार. लुकासफिल्मने तो ट्रेडमार्क करून ठेवलाय. २००९ साली मोटोरोलाने 'ड्रॉइड' नावाचा अँड्रॉइड फोन अमेरिकेत आणला, तेव्हा हे नाव लुकासफिल्मकडून परवान्याने घ्यावं लागलं. फोनच्या जाहिरातीत तसं बारीक अक्षरात लिहिलेलं असायचं. ही मालकीची गोष्ट लक्षात ठेवा, पुढे लागणार आहे.

एक रोबो, बरेच तुकडे

आता १९७६. चित्रकार राल्फ मॅक्वारीने आदल्या वर्षीच वाळवंटातल्या दोन रोबोंचं चित्र काढलं होतं. ते चित्र धातूत उतरवायची जबाबदारी जॉन स्टीअर्सच्या विभागावर. हा तोच माणूस, ज्याने जेम्स बाँडच्या गाडीतल्या करामती केल्या होत्या.

पण पैसा आणि वेळ दोन्ही कमी. मग जुगाड सुरू. आर-टूच्या डोक्यावर जे गोल दिवे दिसतात ना, ते 'व्हायकाउंट' नावाच्या जुन्या प्रवासी विमानातले, सीटच्या वरचे वाचायचे दिवे! भंगारातून आणून बसवलेले.

चालवायचं कसं? यावर उत्तर निघालं की एका आर-टूऐवजी वेगवेगळे आर-टू करायचे. दोन पायांवरच्या आर-टूच्या आत बसायचा केनी बेकर हा ब्रिटिश कलाकार. उंची ३ फूट ८ इंच. तो आतून कवच हलवायचा, डुलवायचा. तीन पायांवरचा आर-टू होता रिमोटवरचा. ट्युनिशियाच्या वाळवंटात शूटिंग सुरू झालं आणि रिमोटवाले आर-टू भलतीकडेच पळायला लागले, कशालाही धडकायला लागले. काही वेळा तर सरळ तार बांधून ओढावं लागलं.

आणि आवाज? तो तर सेटवर नव्हताच. तो नंतर तयार केला बेन बर्टने. एआरपी २६०० नावाचा सिंथेसायझर आणि त्याने स्वतः तोंडाने काढलेले बाळासारखे आवाज, दोन्हींचं मिश्रण. आर-टू एकही शब्द बोलत नाही, तरी तो चिडलाय की घाबरलाय हे आपल्याला कळतं, त्याचं श्रेय बर्टला.

म्हणजे हिशोब असा: हालचाल केनीची, पळणं रिमोटचं, आवाज बर्टचा. आणि या सगळ्याला एकत्र बांधणारी गोष्ट होती एडिटिंग. दोन पायांवरून तीन पायांवर आर-टू कसा आला? मध्ये कट मारला, आला. २५ मे १९७७ रोजी सिनेमा लागला आणि लोकांना हे तुकडे दिसलेच नाहीत. त्यांना दिसला एक अख्खा, जिवंत प्राणी.

मापं कुठून आणायची?

साहजिकच, काही पोरांच्या डोक्यात किडा शिरला: असा एक माझ्याकडे हवा. खेळण्यातला नको, खराखुरा, पूर्ण उंचीचा.

अडचण पहिलीच मोठी. नकाशे नाहीत. सिनेमासाठी केलेले आर-टूसुद्धा एकसारखे नव्हते. मग लोक काय करायचे, तर व्हिडिओ कॅसेट थांबवून थांबवून पडद्यावर मापं मोजायची. एखाद्या प्रदर्शनात खरा आर-टू ठेवलाय असं कळलं की कॅमेरा घेऊन धावायचं. विमानातला तो दिवा ओळखता आला की काम सोपं व्हायचं, कारण दिव्याचं माप माहीत असलं की फोटोवरून बाकीची मापं काढता येतात. गुन्ह्याचा तपास करावा तसा प्रकार.

१९९९ साली डेव्ह एव्हरेट या ऑस्ट्रेलियातल्या चाहत्याने 'आर-टू बिल्डर्स क्लब' सुरू केला. इंटरनेट घराघरात शिरत होतं, तो काळ. एकाने मोजलेलं माप दुसऱ्याने तपासायचं, तिसऱ्याने दुरुस्त करायचं, आणि नक्की झालेले नकाशे सगळ्यांना वापरायला द्यायचे. मी सॉफ्टवेअरवाला आहे, त्यामुळे मला हे वाचताना राहून राहून गिटहब आठवतं. गिटहब आलं २००८ साली. या मंडळींनी तीच पद्धत आधीच वापरली, फक्त कोडच्या जागी अॅल्युमिनियमचा पत्रा होता.

सुट्या भागांसाठीही डोकं लढवलं. एखाद्याकडे लेथ मशीन असेल तर तो एकच भाग पन्नास जणांसाठी काढून द्यायचा, खर्चापुरते पैसे घेऊन. दुसऱ्याकडे पत्रा कापायची सोय, तिसरा सर्किटमध्ये हुशार. एकट्याने अख्खा आर-टू करणं कठीण, पण पन्नास जणांनी मिळून पन्नास आर-टू करणं जमू शकतं.

तिसऱ्या पायाचं गणित

आता थोडं इंजिनिअरिंग, घाबरू नका. आर-टू चालतो त्यामागचं तत्त्व सोपं आहे. दोन्ही बाजूंच्या पायांत एकेक मोटर. दोन्ही सारख्या वेगाने फिरल्या की तो सरळ जातो, एक पुढे आणि एक मागे फिरली की जागच्या जागी वळतो. विजेवर चालणाऱ्या व्हीलचेअरचं तंत्र हेच, आणि बऱ्याच जणांनी मोटरी त्याच वापरल्या.

डोकं जरा त्रासदायक. घुमट गोल गोल फिरत राहिला तर आतल्या वायरींना पीळ बसून त्या तुटणार. म्हणून मध्ये 'स्लिप रिंग' बसवतात. ती फिरत असतानाही वीज आणि सिग्नल पुढे जात राहतात.

पण खरी परीक्षा म्हणजे तो सिनेमातला कट. बिल्डर लोक त्याला 'दोन-तीन-दोन' म्हणतात. दोन पायांवर उभं राहायचं, पोटातून तिसरा पाय बाहेर काढायचा, धड मागे झुकवायचं, आणि परत उभं व्हायचं. धातूचं जड धड झुकताना तोल जरा चुकला की अनेक वर्षांची मेहनत जमिनीवर. पाय पूर्ण खाली टेकलाय याची खात्री झाल्याशिवाय धड झुकवायचं नाही, हे सेन्सर आणि कोडने सांभाळावं लागतं. काही बिल्डर्सनी हे जमवून दाखवलं. सिनेमाने कात्रीने सोडवलेलं गणित त्यांनी नट-बोल्टने सोडवलं.

पुढे दोन गोष्टींनी हा छंद स्वस्त केला. २००५च्या सुमारास इटलीत आर्डुइनो बोर्ड आला. आणि प्लास्टिकचा धागा वितळवून थर देणाऱ्या थ्री-डी प्रिंटिंगचं मूळ पेटंट २००९ साली संपलं, तसे घरगुती प्रिंटर आले. ज्याच्याकडे लेथ नाही, वेल्डिंग येत नाही, त्यालाही दार उघडलं.

गुलाबी रोबो

इथपर्यंत कुणी म्हणेल, ठीक आहे, हौस आहे. भांडी घासत नाही, झाडू मारत नाही, मग एवढा खटाटोप कशाला?

याचं एक उत्तर अमेरिकेतल्या केटी नावाच्या छोट्या मुलीच्या गोष्टीत आहे. तिला मेंदूचा कर्करोग झाला होता. एका सिनेमात आर-टू झोपलेल्या पॅद्मेच्या खोलीत पहारा देतो, तसा आपल्यालाही एक रोबो राखणदार हवा, असं तिला वाटलं. तिचे वडील स्टार वॉर्सच्या चाहत्यांमध्ये ओळखीचे. त्यांनी बिल्डर्सना शब्द टाकला. पूर्ण रोबो बनायला वेळ लागणार होता आणि वेळच तर नव्हता. मग एक तयार आर-टू घाईघाईने गुलाबी करून तिच्यापर्यंत पोचवला गेला. ऑगस्ट २००५ मध्ये केटी गेली.

बिल्डर्सनी काम सोडलं नाही. २००६ साली तिच्या नावाचा गुलाबी रोबो पूर्ण झाला: आर-टू-के-टी. तो आजारी मुलांना भेटायला हॉस्पिटलांत जाऊ लागला. आणि 'द फोर्स अवेकन्स' या २०१५च्या सिनेमात तो क्षणभर दिसतो. पुन्हा बघाल तेव्हा गुलाबी रंग शोधा.

मालक कोण?

आता तो ट्रेडमार्क आठवा. आर-टूचं रूप, नाव, सगळं लुकासफिल्मचं. वकिलाची एक नोटीस आणि हा छंद संपला असता. पण तसं झालं नाही. क्लबने आपली मर्यादा पाळली: स्वतःसाठी बनवा, धंदा करू नका. कंपनीनेही त्यांच्याकडे चोर म्हणून बघितलं नाही.

हे नातं किती दूर गेलं बघा. २०१२ साली डिस्नेने सुमारे ४ अब्ज डॉलरना लुकासफिल्म विकत घेतली. जुलै २०१३ मध्ये जर्मनीतल्या एसेन शहरात चाहत्यांचा मोठा मेळावा भरला. लुकासफिल्मच्या प्रमुख कॅथलीन केनेडी तिथे ब्रिटिश बिल्डर्सचे आर-टू बघत होत्या. बोलता बोलता कुणीतरी म्हटलं, गरज लागली तर आम्ही आहोत. आणि खरंच बोलावणं आलं! ली टावर्सी आणि ऑलिव्हर स्टीपल्स या दोन हौशी बिल्डर्सना नव्या सिनेमाचा आर-टू बनवायच्या कामावर घेतलं गेलं. १९७६ साली स्टुडिओकडून गॅरेजकडे निघालेला रोबो गॅरेजमधून परत स्टुडिओत गेला.

मला यातला मुद्दा नोकरीचा वाटत नाही. कागदावर मालकी कंपनीची होतीच. पण आर-टू कसा उभा राहतो, कुठे अडतो, कुठला बोल्ट आधी सैल होतो, हे ज्ञान सांभाळलं होतं चाहत्यांनी, आणि तेही उघड्यावर, सगळ्यांसाठी. त्यांनी ते कुलपात ठेवलं असतं तर ते एकेका गॅरेजातच संपलं असतं.

आपल्याकडचं थोडं

आपल्याकडे रोबोची हौस बहुतेक कॉलेजच्या स्पर्धांमधून वाढली. २००८ साली आशिया-पॅसिफिक रोबोकॉन पुण्यात बालेवाडीला झाली, आणि त्या वर्षीचा खेळ होता चक्क गोविंदा, दहीहंडी! पण स्पर्धेत नियम ठरलेले असतात, तारीख ठरलेली असते, आणि निकाल लागला की बरेच रोबो लॅबच्या कोपऱ्यात धूळ खातात. पुढच्या बॅचला मोटर मिळते, नोंदी मिळत नाहीत. पुढची बॅच परत शून्यापासून.

मोटरी आणि बोर्ड लॅमिंग्टन रोडवर मिळतात, पुण्यात तापकीर गल्लीत मिळतात. नोंदी मात्र बाजारात मिळत नाहीत, त्या कुणीतरी लिहून ठेवाव्या लागतात. तुमच्या कॉलेजच्या कपाटात असा एखादा रोबो पडलेला असेल, तर या रविवारी तो बाहेर काढा, त्याची मापं घ्या, फोटो काढा, सर्किट कागदावर उतरवा आणि नेटवर टाका. आर-टूचा क्लब याच कामातून उभा राहिला: एकाने मोजलं, दुसऱ्याने तपासलं.

चला, आज एवढंच. भाग आवडला तर तो तुमच्या त्या मित्राला पाठवा, ज्याच्या टेबलावर कायम सोल्डरिंग गन तापलेली असते. भेटू पुढच्या भागात. तोपर्यंत, बीप-बूप!