नारिंगी छपरांचा मृत्यू नैसर्गिक नव्हता

न्यूयॉर्क राज्यातील लेक जॉर्ज या पर्यटनगावातले हॉवर्ड जॉन्सन २०२२ साली बंद झाले आणि एके काळी अमेरिकेत सर्वांत मोठी असलेली उपाहारगृहांची साखळी संपली. एक हजाराहून अधिक शाखा, दूरवरून ओळखू येणारे नारिंगी छप्पर, २८ स्वादांचे आइस्क्रीम, क्लॅम शिंपल्यांच्या तळलेल्या पट्ट्या ही तिची ओळख होती. तिच्या अंताचे निदान मात्र वर्षानुवर्षे एकच सांगितले जाते. साखळी म्हातारी झाली होती, मॅक्डोनल्ड्स आले, पेट्रोल महागले, लोकांची आवड बदलली आणि काळाने तिला बाजूला सारले, असे ते निदान. मला ते मान्य नाही. ते वस्तुस्थितीशी जुळत नाही. शिवाय ‘काळ’ हा आरोपी ठरला की बाकी सगळे निर्दोष सुटतात, आणि या प्रकरणात सुटू नयेत अशी माणसे आहेत.

पूर्वपक्ष आधी त्याच्या पूर्ण बळानिशी मांडायला हवा. हॉवर्ड जॉन्सन ही बसून जेवण्याची जागा होती. टेबलावर येऊन वाढणाऱ्या मुली, चिनीमातीच्या बशा, लांबलचक मेन्यू, म्हणजेच जास्त नोकर, जास्त वेळ आणि जास्त खर्च. १९५५ साली इलिनॉयमधील डेस प्लेन्स येथे रे क्रॉकने मॅक्डोनल्ड्सची आपली पहिली शाखा उघडली, तिथे यातले काहीच नव्हते. खिडकीपाशी या, हॅम्बर्गर घ्या आणि चालू लागा. लहान मुलांच्या कुटुंबांना ते सोयीचे पडले. त्यात १९७३ च्या अखेरीस अरब राष्ट्रांनी तेलावर निर्बंध घातले, पंपांवर रांगा लागल्या, आणि हॉवर्ड जॉन्सनचे तर जवळजवळ सारे दुकानच मोटारीने येणाऱ्या प्रवाशांवर चालणारे. युक्तिवाद सरळ आहे आणि पहिल्या वाचनात पटतोही.

पहिला आक्षेप सनावळीचाच आहे. १९५४ साली, म्हणजे क्रॉकच्या आदल्या वर्षी, हॉवर्ड जॉन्सनच्या ४०० शाखा ३२ राज्यांत होत्या. १९७५ साली त्या हजारावर गेल्या होत्या आणि जोडीला ५०० च्या वर मोटेल होती. ज्या प्रतिस्पर्ध्याने साखळीला मारले म्हणतात, त्याच्या पहिल्या वीस वर्षांत ती साखळी अडीचपट झाली. १९६८ साली स्टॅन्ली कुब्रिकने ‘२००१: अ स्पेस ओडिसी’ हा चित्रपट केला, तेव्हा भविष्यातल्या अंतराळस्थानकावर त्याने याच साखळीचे उपाहारगृह दाखवले. भविष्याचा इतका बारकाईने विचार करणाऱ्या दिग्दर्शकाला ती जुनाट वाटली नव्हती. शाखांची संख्या म्हणजे प्रकृतीचा दाखला नव्हे, हे मला मान्य आहे, आणि त्याकडे पुढे वळायचेच आहे. पण मॅक्डोनल्ड्सने तिची वाढ रोखली, हे म्हणणे आकड्यांपुढे टिकत नाही.

दुसरे असे की, बसून जेवण्याची पद्धतच कालबाह्य झाली असती तर ती सगळ्यांसाठी झाली असती. ज्या १९५५ साली क्रॉकने डेस प्लेन्सचे दुकान उघडले, त्याच साली जॉर्जियातील एव्हॉन्डेल इस्टेट्स येथे वॉफल हाउस सुरू झाले. काउंटरवर किंवा टेबलाशी बसा, बशीत अंडी घ्या, कपात कॉफी घ्या. ते आजही चालू आहे. कॅलिफोर्नियात १९५३ साली डोनटचे दुकान म्हणून जन्मलेले डेनीज दिवसरात्र टेबलावर वाढणारी साखळी झाले आणि हॉवर्ड जॉन्सनची पडझड चालू असतानाच देशभर पसरले. क्रॅकर बॅरलचे उदाहरण तर पूर्वपक्षाला फारच अडचणीचे आहे. ते १९६९ साली टेनेसीतील लेबनन येथे महामार्गालगत सुरू झाले आणि पहिल्या दिवसापासून जुन्या काळाचाच देखावा मांडून बसले. व्हरांड्यातल्या झुलत्या खुर्च्या, खेड्यातल्या वाण्याच्या दुकानासारखी मांडणी, घरगुती धाटणीचे जेवण. जुनेपण हाच दोष असेल तर हे दुकान जन्मतःच मरायला हवे होते.

पेट्रोलच्या टंचाईचा मुद्दाही क्रॅकर बॅरलमुळेच ढिला पडतो. त्यांच्या सुरुवातीच्या दुकानांत पेट्रोलपंप होते. तेलाचे संकट आल्यावर त्यांनी पंप काढले आणि स्वयंपाकघर ठेवले. पण याहून मोठा पुरावा हॉवर्ड जॉन्सनच्या स्वतःच्याच इतिहासात आहे. दुसऱ्या महायुद्धात अमेरिकेत पेट्रोलला रेशन लागले. १९७३ ची टंचाई काही महिन्यांची होती. युद्धकाळात करमणुकीसाठी मोटार काढणे वर्षानुवर्षे जवळपास बंद होते. दोनशेच्या वर गेलेल्या शाखांपैकी १९४४ पर्यंत फक्त १२ चालू राहिल्या. बाराच! संस्थापकाने त्या काळात लष्कराला आणि युद्धसामग्रीच्या कारखान्यांतील कामगारांना जेवण पुरवून व्यवसायाची धुगधुगी टिकवली आणि दहा वर्षांत ४०० शाखा उभ्या केल्या. बारा शाखांवरून उठलेली संस्था एका हिवाळ्यातल्या पंपांवरच्या रांगांनी कोसळली, असे मानायचे असेल तर मधल्या काळात तिला आतून काय झाले होते, हे विचारावेच लागेल. प्रचलित मत नेमके तिथेच थांबते.

आता मंडनाकडे येऊ. हॉवर्ड डिअरिंग जॉन्सनने १९२५ साली मॅसॅच्युसेट्समधील क्विन्सी शहराच्या वॉलस्टन भागात एक औषधांचे दुकान घेतले. त्यातला सोडा-फाउंटन चांगला चालतो हे पाहून त्याने आइस्क्रीमवर भर दिला आणि त्यात स्निग्धांश दुपटीने वाढवला. महाग पडणारी गोष्ट जास्त घालायची आणि गिऱ्हाईक टिकवायचे, हे त्याचे पहिले व्यावसायिक पाऊल. पुढे १९२९ साली बॉस्टनच्या महापौराने यूजीन ओनीलच्या ‘स्ट्रेंज इंटरल्यूड’वर बंदी घातली, तेव्हा ते नाटक क्विन्सीत हलले. पाच तासांच्या त्या प्रयोगात जेवणाची सुट्टी असे आणि प्रेक्षक जॉन्सनच्या उपाहारगृहात येत. नशिबाचा हा भाग. पण १९३५ साली केप कॉडवरील ऑर्लीन्स येथे दुसऱ्याच्या पैशाने, आपल्या नावाने आणि आपल्या नियमांनी शाखा उघडण्याची जी पद्धत त्याने रुजवली, ती नशिबाची नव्हती. ज्या फ्रँचायझीच्या तंत्राचे श्रेय सर्रास क्रॉकला दिले जाते, ते जॉन्सनने वीस वर्षे आधी वापरले होते. बशीत किती क्लॅम पडावेत इथपासून सारे लिहून ठेवलेल्या नियमपुस्तिकेला त्याची माणसे ‘बायबल’ म्हणत.

या काळातली सगळ्यात बोलकी गोष्ट १९६० ची आहे. न्यूयॉर्कच्या ‘ल पाविल्यों’ या नामांकित फ्रेंच उपाहारगृहात जॉन्सन नेहमी जेवायला जात असे. तिथले पियेर फ्रेने आणि झाक पेपँ हे दोन आचारी त्याने आपल्या साखळीसाठी घेतले. पेपँ त्यापूर्वी फ्रान्समध्ये द गॉलच्या घरी स्वयंपाक करत होता. केनेडींच्या व्हाइट हाउसमधली नोकरी नाकारून तो हॉवर्ड जॉन्सनच्या मध्यवर्ती स्वयंपाकघरात गेला आणि दहा वर्षे राहिला. तिथे या दोघांनी काय केले, ते पेपँने स्वतः लिहून ठेवले आहे. मार्गारिनच्या जागी लोणी आणले, सुकवलेल्या कांद्याच्या जागी ताजा कांदा. तीन हजार गॅलनच्या घाण्यात क्लॅम चाउडर शिजवायचे आणि तरी चव राखायची, हे त्यांचे काम. गोठवलेले, एका ठिकाणी शिजवून हजार ठिकाणी पाठवलेले अन्न चांगले असूच शकत नाही, असे मानणाऱ्यांनी हा प्रयोग अभ्यासावा. यंत्रणा तीच होती. तिच्यात काय घालायचे, हा निर्णय कुणाचा तरी होता.

तो निर्णय पुढे बदलला. १९५९ मध्ये संस्थापकाने अध्यक्षपद मुलाकडे, हॉवर्ड ब्रेनन जॉन्सनकडे दिले. १९६१ साली कंपनीचे शेअर बाजारात आले. वडील हयात होते तोवर पाककृतींवर त्यांची नजर होती. ते १९७२ साली वारले. मुलगा नालायक नव्हता. त्याच्याच काळात शाखा हजारावर गेल्या, हे विसरून चालणार नाही. पण त्याचे सारे लक्ष खर्चावर होते. नोकर कमी, माल स्वस्त, जुन्या इमारतींची डागडुजी पुढे ढकललेली, आणि नवा पैसा ग्राउंड राउंडसारख्या नव्या नावांच्या दुकानांत. बियाण्यासाठी राखलेले धान्य दळून खाल्ले तर त्या वर्षी घरात सुबत्ताच दिसते, तसे ताळेबंदाचे झाले. नफा दिसत होता, कारण नाव खर्ची पडत होते आणि नावाची झीज कुठल्याच खात्यात मांडली जात नाही.

ही झीज इतकी वर्षे कळली कशी नाही? याचे उत्तर मला टोल-रस्त्यांवर सापडते. १९४० साली पेन्सिल्व्हेनिया टर्नपाइक सुरू झाला, तेव्हा त्याच्यावरील जेवणाचा मक्ता एकट्या हॉवर्ड जॉन्सनकडे होता. पुढे इतर राज्यांच्या टोल-रस्त्यांवरही असे मक्ते मिळाले आणि ही उपाहारगृहे भरघोस नफ्याची ठरली. त्या रस्त्यावरून जाणाऱ्या कुटुंबाला दुसरा पर्यायच नव्हता. कॉफी कडवट निघाली, वाढायला अर्धा तास लागला, तरी गल्ल्यात पैसे पडतच होते. मक्तेदारीतल्या गिऱ्हाइकाची नाराजी हिशेबात उमटत नाही. ती साठत जाते. शहराच्या कडेला त्याच माणसासमोर चार पाट्या उभ्या राहिल्या, तेव्हा तो नारिंगी छपराकडे वळला नाही. मॅक्डोनल्ड्सने त्याला पळवले म्हणण्यापेक्षा, तो आधीच निघालेला होता असे म्हणणे खरे होईल.

तरीही साखळी मेली नव्हती. १९७९ मध्ये ती विकायला निघाली तेव्हा ती तोट्यात नव्हती. ब्रिटनच्या इम्पीरियल ग्रुपने तिच्यासाठी ६३ कोटी डॉलर मोजले. ही मूळची तंबाखूची कंपनी. आपल्याकडे ज्या ‘विल्स’चे नाव सिगारेटमुळे घरोघरी पोचले, ते घराणे तिच्या संस्थापकांतले. अमेरिकेच्या रस्त्यावर क्लॅम तळण्याचा तिला काडीचा अनुभव नव्हता. सिगारेटचा धंदा आटेल या धास्तीने पैसा दुसरीकडे गुंतवणे, एवढाच तिचा हेतू. सहा वर्षांनी, १९८५ मध्ये, ग्राउंड राउंड स्वतःकडे ठेवून तिने उरलेले मॅरियटला निम्म्याच्या आसपास किमतीत विकले. मॅरियटने कंपनीच्या मालकीची उपाहारगृहे ठेवली, मोटेल आणि हॉवर्ड जॉन्सन हे नाव प्राइम मोटर इन्सला देऊन टाकले, आणि हाती राहिलेल्या इमारती एकामागून एक आपल्या इतर नावांची दुकाने करायला घेतल्या. मॅरियटला साखळी नको होती. तिला रस्त्याकडेच्या मोक्याच्या जागा हव्या होत्या. कंपनीची शेकडो उपाहारगृहे त्या व्यवहाराने मिटली. गिऱ्हाईक न आल्याने ती बंद पडली, असे लिहिणाऱ्यांनी हे विक्रीपत्र वाचलेले नाही.

फ्रँचायझीवाल्यांची उपाहारगृहे वेगळी राहिली. त्यांनी एकत्र येऊन आपली संस्था काढली आणि नाव टिकवण्याची धडपड केली. पण मागे मध्यवर्ती स्वयंपाकघर उरले नव्हते आणि नावाची मालकी हॉटेलवाल्यांकडे फिरत होती. तरी लेक प्लॅसिडचे २०१५ पर्यंत, मेन राज्यातील बॅन्गोरचे २०१६ पर्यंत आणि लेक जॉर्जचे २०२२ पर्यंत तगले. केवळ आठवणींपोटी लोक येत, असे यावर म्हटले जाते. काही येतही असतील. पण मूळ कंपनी मोडल्यावर तीस-तीस वर्षे एखादे दुकान नुसत्या आठवणींवर चालत नाही. रोज सकाळी अंडी आणि कॉफी मागणारे गावातले गिऱ्हाईक लागते.

माझे म्हणणे म्हणजे हळवेपणा आहे, असाही आरोप होईल, म्हणून सांगतो की या साखळीविषयी हळवे होण्याचे मला कारण नाही. ऑक्टोबर १९५७ मध्ये डेलावेअरमधील डोव्हर येथे घानाचे अर्थमंत्री कोमला बेडेमा यांना, ते काळे आहेत म्हणून, हॉवर्ड जॉन्सनमध्ये बसून संत्र्याचा रस पिऊ दिला गेला नाही. राष्ट्राध्यक्ष आयझेनहॉवर यांना त्यांना व्हाइट हाउसमध्ये न्याहारीला बोलावून सारवासारव करावी लागली. १९६२ साली उत्तर कॅरोलायनातील डरहम येथे याच नावाच्या उपाहारगृहासमोर निदर्शने झाली. क्लॅमच्या पट्ट्या सर्वत्र एकसारख्या असाव्यात यासाठी नियमपुस्तिका होती, दार सर्वांना सारखे उघडे असावे याबद्दल मात्र कंपनीने आग्रह धरला नाही. नारिंगी छपरांच्या आठवणी काढताना हे गाळणारे लेखन मला अपुरे वाटते. आणि इथेही ‘तो काळच तसा होता’ ही तीच पळवाट वापरली जाते.

हॉवर्ड जॉन्सन हे नाव आज विंडहॅम कंपनीच्या मालकीचे आहे आणि ते फक्त हॉटेलांवर दिसते. ज्या टोल-रस्त्यांवर साखळीने मक्ते चालवले, त्यांच्यावरील थांबे मात्र ओस पडले नाहीत. तिथे इतर नावांची दुकाने लागली, मोटारी थांबत राहिल्या आणि लोक जेवत राहिले.