शिवपुरीचा वाघ आणि आपली वाघनखे

ग्वाल्हेरच्या जुन्या मराठी घरांत बारशाला बाळाच्या गळ्यात सोन्यात मढवलेली वाघनखे घालत. आमच्याही घरी एक जोडी होती. ती कुठली, असे विचारले की आजीचे उत्तर ठरलेले, ‘शिवपुरीच्या शिकारीतली.’

शिवपुरी ही शिंदे सरकारची उन्हाळी राजधानी. माधवराव महाराज (१८७६-१९२५) नामांकित शिकारी; वाघाच्या शिकारीवर त्यांनी इंग्रजीत पुस्तकच लिहिले. गोरे पाहुणे आले की मचाणे बांधायची, गावोगावचे हाकारे गोळा करायचे. त्या दौऱ्यांचा शिधा, तंबू, हिशेब सांभाळणाऱ्यांत आपले मराठी कारकूनही असत. ज्या महाराजांनी ग्वाल्हेरहून शिवपुरी-श्योपूरला छोटी रेल्वे नेली, त्यांना नुसते शिकारी म्हणणे अन्यायाचे होईल. शिकारीसाठी का होईना, रान राखले गेले, हेही खरे. संस्थान गेले, ती राखण ढिली पडली, परवान्याच्या बंदुका मात्र वाढल्या. १९७२ च्या गणनेत साऱ्या देशात अवघे १,८२७ वाघ निघाले. त्याच वर्षी कायदा झाला, १९७३ ला व्याघ्र प्रकल्प. शिवपुरीच्या रानाला महाराजांचे नाव मिळाले, माधव राष्ट्रीय उद्यान. पण वाघ उरला नाही.

कायद्याने सगळे थांबले असेही नाही. हाडे-कातड्यांच्या चोरट्या व्यापाराने २००९ पर्यंत आपल्याच राज्यातले पन्ना रिकामे झाले. कागदावर वाघ होते, रानात नव्हते. आम्ही सरकारी नोकरीतली माणसे, आम्हाला याचे नवल वाटू नये, पण वाटले. पुढे बाहेरून वाघ आणून पन्ना पुन्हा वसवले. मार्च २०२३ मध्ये माधव उद्यानातही वाघ सोडले आणि २०२५ मध्ये त्याला व्याघ्र प्रकल्पाचा दर्जा मिळाला. आता काळजी आहे ती कुनो, रणथंबोरकडे जाणाऱ्या वाटांची. तरणा वाघ एका रानात मावत नाही. मधे शेते, खाणी, आग्रा-मुंबई रस्ता.

राहिली वाघनखे. २००३ साली सरकारने अशा वस्तू जाहीर करायला १८० दिवस दिले होते. आमच्या घरी कोणी कागद भरला नाही. पुतण्याच्या बारशाला आत्याने ती मागितली. आम्ही नाही म्हटले. ‘अरे, आजोबांच्या वेळची वस्तू, कोण विचारतंय?’ असे ती म्हणाली. पुढच्याच आठवड्यात सोने उतरवून नखे वनखात्यात लेखी अर्जानिशी जमा केली. आत्या अजून आमच्याशी नीट बोलत नाही.