राजद्रोही कोण? : सत्तावनच्या समरातील निष्ठा आणि फितुरी

‘राजद्रोह’ हा शब्द कायद्याच्या ग्रंथात जितका स्पष्ट वाटतो, तितका तो इतिहासात नसतो. १८५७ च्या स्वातंत्र्यसमरात ज्यांना राजद्रोही ठरवून फासावर चढविण्यात आले, त्यांपैकी अनेकजण आपल्या धन्याशी एकनिष्ठ होते. आणि ज्यांनी धन्याची गुपिते शत्रूला पुरविली, त्यांची गणना राजनिष्ठांत झाली. ही उलटापालट ध्यानात घेतल्याखेरीज त्या समरात प्राण वेचणाऱ्या लाला हुकुमचंद जैन आणि अमरचंद बांठिया या दोन जैन पुरुषांचे मोल कळत नाही.

११ मे १८५७ रोजी मेरठचे शिपाई दिल्लीत आले व त्यांनी बहादूरशहा जफर यांना आपले अधिपती मानले. जून महिन्यात इंग्रज फौज शहराबाहेरच्या टेकडीवर ठाण मांडून बसली. तिचे संख्याबळ थोडे होते. परंतु हेरांचे जाळे मोठे होते. हे हेरखाते हॉडसन या अधिकाऱ्याकडे असून मौलवी रजब अली हा त्याचा उजवा हात होता. गौरीशंकर, मुन्शी जीवनलाल यांच्यासारखी माणसे शहरातील फौजेची हालचाल, दारूगोळ्याचा साठा आणि दरबारातील कलह यांच्या बातम्या गुप्तपणे टेकडीवर पोहोचवीत. सप्टेंबरात दिल्ली पडली. सेनापती बख्तखान यांनी बादशहांना आपल्याबरोबर चलण्याची विनंती केली. परंतु मिर्झा इलाहीबक्ष या नातलगाने त्यांचे मन वळविले आणि २१ सप्टेंबर रोजी हुमायूनच्या मकबऱ्यात बादशहा हॉडसनच्या हाती लागले.

ज्या कंपनीने १७६५ मध्ये मोगल बादशहाच्या सनदेने बंगालची दिवाणी स्वीकारली होती, तिनेच १८५८ च्या आरंभी त्या गादीच्या वारसावर राजद्रोहाचा खटला चालविला. सनद देणारा द्रोही ठरला आणि घेणारा न्यायासनावर बसला!

दिल्ली पडल्यावर बादशहांच्या दफ्तरातील कागदपत्रे इंग्रजांच्या हाती आली. त्यांतच हाँसीहून आलेले एक पत्र होते. हाँसीचे कानुनगो लाला हुकुमचंद जैन यांनी आपले स्नेही मिर्झा मुनीर बेग यांच्यासह ते लिहिले होते आणि इंग्रजांशी लढण्यासाठी बादशहांकडे साहाय्य मागितले होते. पत्रावरील सह्या हाच पुरावा मानला गेला. १९ जानेवारी १८५८ रोजी हुकुमचंदांना त्यांच्याच वाड्यासमोर फाशी देण्यात आली. मुनीर बेग यांच्याही वाट्याला तेच मरण आले. हुकुमचंदांच्या कोवळ्या वयाच्या पुतण्यालाही, फकीरचंदलाही, सोडले नाही. हुकुमचंदांचा देह पुरला व मुनीर बेग यांचा जाळला, अशी दुःखद आठवण हाँसीत सांगितली जाते. मरणानंतरही दोघांच्या धर्माची विटंबना करावी, असा त्यामागील हेतू होता. पण त्यामुळे दोघांची मैत्री मात्र अजरामर झाली.

अमरचंद बांठिया यांची कथा अधिक विचार करावयास लावणारी आहे. ते ग्वाल्हेरच्या शिंदे दरबाराच्या खजिन्याचे अधिकारी होते. १ जून १८५८ रोजी शिंद्यांची बहुतेक फौज रावसाहेब पेशवे, राणी लक्ष्मीबाई व तात्या टोपे यांना जाऊन मिळाली आणि जयाजीराव आग्र्याकडे निघून गेले. त्यानंतर अमरचंदांनी खजिना पेशव्यांच्या स्वाधीन केला व त्यातून शिपायांचे पगार भागले. सोपविलेली ठेव दुसऱ्याच्या हाती देणे हा विश्वासघात नव्हे काय, हा प्रश्न टाळता येणार नाही. व्यापारी समाजात तर ठेवीचे पावित्र्य प्राणाहून मोठे मानले जाते. परंतु तो पैसा रयतेचा होता, तो स्वातंत्र्यासाठी लढणाऱ्या शिपायांच्या हाती गेला आणि अमरचंदांच्या वाट्याला केवळ मृत्यू आला. जूनच्या तिसऱ्या आठवड्यात राणी धारातीर्थी पडल्या, ग्वाल्हेर पुन्हा इंग्रजांनी घेतले आणि २२ जून रोजी अमरचंदांना सराफा बाजारात कडुनिंबाच्या झाडावर भर लोकांदेखत फाशी देण्यात आली.

तात्या टोपे पुढे दहा महिने झुंजत राहिले. समोरासमोरच्या लढाईत ते हाती लागले नाहीत. नरवरच्या मानसिंगाने स्वतः शरण जाऊन, आपली बाजू सावरण्यासाठी, आश्रयास आलेल्या मित्राला झोपेत पकडून दिले. तो दिवस होता ७ एप्रिल १८५९. शिवपुरीच्या लष्करी न्यायालयात तात्यांनी आपण धन्याच्या आज्ञेनेच सर्व काही केले, असे सांगितले. सेवकाची ही निष्ठाच त्यांचा अपराध ठरली आणि १८ एप्रिल रोजी ते फासावर गेले.

न्यायालये जेत्यांची होती. म्हणून निवाडेही त्यांचेच. मात्र काळाच्या कसोटीवर एकच प्रश्न उरतो : ज्याने जे केले, ते कोणासाठी केले? रजब अली व इलाहीबक्ष यांना सरकारकडून बक्षिसे व निर्वाहवेतने मिळाली. हुकुमचंद व अमरचंद यांनी मात्र स्वतःसाठी काहीही मागितले नाही आणि त्यांना काही मिळालेही नाही. एकाने सही दिली, दुसऱ्याने किल्ली दिली आणि दोघांनीही त्याची किंमत प्राणांनी चुकविली. सरकारी दफ्तरात ते राजद्रोही राहिले. लोकांच्या मनात ते हुतात्मे झाले. त्या पुण्यस्मृतींस विनम्र अभिवादन!