एस्पोझितो : कर्ता वगळलेले आडनाव

नेपल्स आणि भोवतालच्या कांपानिया प्रांतात 'एस्पोझितो' हे आडनाव आपल्याकडील जोशी-पाटलांइतकेच सर्रास आढळते. व्युत्पत्ती सरळ आहे. लॅटिन 'एक्सपोनेरे' म्हणजे बाहेर ठेवणे. 'एक्सपोसितुस' हे त्याचे कर्मणी धातुसाधित, म्हणजे बाहेर ठेवलेला. कोणी ठेवला, ते मात्र त्यात नाही. व्याकरणदृष्ट्या हे कर्ता गाळलेले एक वाक्यच आहे, आणि आम्हांला या नावाचे मर्म त्या गाळण्यातच दिसते.

नेपल्समधील आनुन्झियाता या धर्मसंस्थेच्या भिंतीत एक फिरते लाकडी पिंप बसवलेले होते. बाहेरून त्यात मूल ठेवायचे, पिंप फिरवायचे, आतल्या बाईने ते उचलून घ्यायचे. ठेवणारा हात आणि घेणारा हात एकमेकांना दिसू नयेत, अशी ही योजना. इटालियनमध्ये तिला 'रुओता', अर्थात चाक, म्हणत. नेपल्सचे चाक 1875 साली बंद झाले. या मुलांना लोक 'मादोन्नाची लेकरे' म्हणत. नोंदवहीला मात्र आडनाव हवे असे, आणि तिथे 'एस्पोझितो' लिहिले जाई. ही सारी मुले अनौरस होती असा समज करून घेण्याचे कारण नाही. दारिद्र्यापायी विवाहित जोडपीही मूल चाकात ठेवत. फ्लॉरेन्सच्या अनाथालयात मुलांबरोबर सापडलेली अर्धी तोडलेली पदके आजही जपलेली आहेत. उरलेला अर्धा भाग आईबापांकडे राही, पुढेमागे ओळख पटावी म्हणून.

हे फ्लॉरेन्सचे अनाथालय 1445 साली सुरू झाले. हेरोदाने मारविलेल्या निष्पाप बालकांवरून त्याला नाव मिळाले, म्हणून तिथली मुले 'इन्नोचेंती'. रोमने सरळ 'प्रोइएत्ती', म्हणजे टाकलेले, म्हटले. मिलानमध्ये रुग्णालयाचे चिन्ह कबुतर होते, म्हणून 'कोलोंबो'. (यावरून कोलंबसाच्या कुळाचा शोध घेऊ नये, 'कबुतर' हे नाव इतर वाटांनीही पडत असे.) तीन शहरांच्या या तीन शब्दांत रोमचा शब्द आम्हांला सर्वांत निर्दय वाटतो.

नेपल्सच्या गादीवर नेपोलियनचा मेहुणा म्युरा असताना (1808–1815) 'एस्पोझितो' देण्यास बंदी घालण्यात आली, कारण नाव आयुष्यभराचा डाग ठरत होते. ज्यांचे होते त्यांचे राहिले, त्यांच्या वंशजांकडे गेले. नव्या मुलांसाठी मात्र कारकुनांना नावे रचावी लागू लागली.

1852 साली आनुन्झियाताच्या चाकात आलेल्या अशाच एका मुलासाठी 'जेनितो', म्हणजे जन्मलेला, हे नाव योजले होते असे सांगतात. पुन्हा तेच कर्मणी रूप, पुन्हा कर्ता गायब. लिहिताना 'न'चा 'म' झाला आणि 'जेमितो' उरले. इटालियनमध्ये त्याचा अर्थ कण्हणे. विन्चेंझो जेमितो पुढे मोठा शिल्पकार झाला. त्याची गाजलेली ब्राँझमूर्ती आहे नेपल्सच्या एका उघड्या कोळीपोराची. हातातला मासा निसटू नये म्हणून त्याने तो छातीशी घट्ट धरला आहे.