पेपरात नाही म्हणजे घडलंच नाही?



केळापूर तालुक्यातल्या आपल्या अभ्यासवर्गात एक पोरगा म्हणाला, "पेपरात आलं म्हणजे पुरावा झाला." दुसरा म्हणाला, "पेपरवाले सारेच खोटारडे." दोघेही चुकले. पेपर हा साक्षीदार आहे, त्याची उलटतपासणी करायची असते. आणि युद्धकाळातला पेपर म्हणजे तोंडावर सरकारचा हात असलेला साक्षीदार.

आपल्याच विदर्भातलं चिमूर घ्या. दुसरं महायुद्ध चालू होतं. १६ ऑगस्ट १९४२ ला चिमुरात लोक उठले. गोळीबार झाला, जमावाने सरकारी अधिकारी मारले. मग फौज आली. फौजेने नि पोलिसांनी बायकांवर अत्याचार केले, असा आरोप झाला. चौकशीसाठी प्रा. भन्साळी उपोषणाला बसले. सरकारने चौकशी नाकारली, वर या उपोषणाच्या बातम्यांवर बंदी घातली. निषेध म्हणून ६ जानेवारी १९४३ ला देशातल्या अनेक वृत्तपत्रांनी अंकच काढला नाही.

आता त्या दिवसांची फाईल उघडली नि चिमूर दिसलं नाही, तर तिथं काही घडलंच नाही म्हणायचं? ती कोरी जागा हुकमाची आहे. पण उलटंही ध्यानात ठेवा. बंदीमुळे प्रत्येक आरोप आपोआप खरा ठरत नाही. बंदी एवढंच सांगते की सरकारला ही बातमी नको होती. सरकारी पत्रक सरकारचं म्हणणं सांगतं. घडलं काय, ते दुसरीकडून तपासावं लागतं.

म्हणून प्रत्येक कात्रणाला विचारा: बातमी चिमुरातून लिहिली की नागपुरातून? बातमीदाराने पाहिलं की ऐकलं? तारीख घटनेची की छपाईची? कोणी छापू दिलं? आणि नाही छापलं, तर काऊन नाही छापलं? गावातल्या म्हातारीची आठवणही याच चाळणीतून काढा. आपली आहे म्हणून सूट नाही.

युद्ध संपलं, सरकारी सेन्सॉर उठला. पण आपल्यासाठी सेन्सॉर युद्धाआधीपासूनच होता. १९२० साली 'मूकनायक'ची जाहिरात पैसे देऊनही 'केसरी'ने छापली नाही, असं धनंजय कीर बाबासाहेबांच्या चरित्रात लिहितात. तिथं कोणत्या सरकारचा हुकूम होता? जातीलाच हुकूम लागत नव्हता.

तेव्हा जुन्या फायलीत आपली वस्ती सापडत नाही म्हणून खचू नका. वस्तीत जा. कोण बोललं, केव्हा, स्वतः पाहिलं की ऐकलं, सारं तारखेसह लिहून काढा. उद्या कोणी आपलीही उलटतपासणी घेईल. घेऊ द्या. आपला कागद टिकला पाहिजे.

जय भीम!