कळ कुणी लपवली, कुणी उघडली?

(या भागाचं लिखित रूप. बोलण्यातली पुनरुक्ती तेवढी काढली आहे, बाकी जसंच्या तसं.)

गणपतीत हलते देखावे बघायला गेलो की बहुतेक जण समोर बघतात. भीमाची गदा वर जाते, खाली येते, राक्षसाची मान डुलते, आणि गर्दी पुढे सरकते. पण प्रत्येक मांडवात दोन-तीन पोरं अशी असतातच जी कनातीच्या फटीतून मागे डोकावतात. मागे काय फिरतंय? मोटर एकच आहे का? मग मान आणि गदा वेगवेगळ्या वेळी कशा हलतात? आजचा भाग या पोरांचा आहे.

मराठीत यासाठी नेमका शब्द आहे, कळ. कुडाळजवळच्या पिंगुळीचे ठाकर कलाकार नाचवतात त्या कळसूत्री बाहुल्या. तिथे दोरी माणसाच्या हातात असते, म्हणजे बाहुली काय करणार हे दर क्षणाला माणूस ठरवतो. आज आपण बोलतोय ते दुसऱ्या जातीच्या बाहुल्यांबद्दल. यात दोरी कुणाच्याच हातात नसते. बाहुलीने काय करायचं हे आधीच चाकाच्या आकारात, खुंट्यांच्या जागेत साठवून ठेवलेलं असतं. तुम्ही फक्त दांडा फिरवायचा. मी दिवसभर कोड लिहितो, त्यामुळे मला ही गोष्ट ओळखीची वाटते: आधी सूचना लिहून ठेवायच्या, मग यंत्राने त्या पाळायच्या.

वर्गात मुलांबरोबर पुठ्ठ्याची हलती बाहुली बनवणं हा आता जगभर होणारा उपक्रम आहे. पण त्यामागचा इतिहास बघितला तर एक प्रश्न पुन्हा पुन्हा समोर येतो. ज्याला ही कळ माहीत होती, त्याने ती दुसऱ्याला सांगितली का?

दाणे गळतात, नाटक चालतं

सुरुवात अलेक्झांड्रियापासून करू. इसवी सनाच्या पहिल्या शतकात तिथे हेरॉन नावाचा यंत्रज्ञ होता. त्याने स्वयंचलित रंगमंचावर एक अख्खा ग्रंथ लिहिला. चाकांवरचा छोटा रंगमंच आपोआप पुढे येतो, खेळ होतो, रंगमंच परत जातो. वीज नाही, स्प्रिंग नाही. मग ताकद कुठून आणली? एका नळकांड्यात बारीक दाणे भरलेले, दाण्यांवर वजन ठेवलेलं, आणि वजनाला बांधलेली दोरी चाकांच्या आसाला गुंडाळलेली. तळाच्या भोकातून दाणे हळूहळू गळतात, वजन खाली उतरतं, दोरी ओढली जाते, आस फिरतो.

खरी गंमत पुढे आहे. आसाला खुंटी लावून दोरी अर्धी एका दिशेने आणि अर्धी उलट दिशेने गुंडाळली, तर गाडी आधी पुढे जाते आणि मग मागे येते. मध्ये दोरीला ढील ठेवली तर तेवढा वेळ थांबते. म्हणजे दोरी कशी गुंडाळली, हाच प्रोग्रॅम! आजही वर्गात दोरा, फिरकी आणि थोडी वाळू घेऊन हा प्रयोग करता येतो.

राजा भोजाचं मौन

आता आपल्याकडे येऊ. अकराव्या शतकात धारचा राजा भोज. त्याच्या नावावर असलेल्या ‘समरांगणसूत्रधार’ या वास्तुग्रंथाचा एकतिसावा अध्याय यंत्रांवर आहे, नाव ‘यंत्रविधान’. त्यात लाकडी स्त्री-पुरुष आहेत. त्यांचे अवयव वेगवेगळे करून खिळ्या-खुंट्यांनी जोडलेले, वरून कातडं चढवलेलं. दिव्यात तेल घालणारी बाहुली आहे, ठेक्यावर नाचणारी आहे, दारावर पहारा देणारा पुतळाही आहे.

आता कुणीही इंजिनिअर विचारेल, ठीक आहे, पण ड्रॉइंग कुठे आहे? ग्रंथ याचं उत्तर स्वतःच देतो. यंत्रांची घडण सांगितलेली नाही ती गुप्तता राखण्यासाठी, अज्ञानामुळे नाही. आणि उघड केली तर ती फळ देत नाहीत, असं तिथे स्पष्ट म्हटलंय. सोबत हेही सांगितलंय की ही विद्या परंपरेने, गुरूच्या उपदेशाने आणि सरावाने येते.

यावर ‘बघा, आपल्याकडे सगळं होतं’ असं म्हणणारे भेटतात, आणि ‘सगळ्या थापा’ म्हणणारेही भेटतात. मला दोन्ही उत्तरं घाईची वाटतात. भोजाच्या काळाच्या दृष्टीने बघितलं तर गुप्ततेला अर्थ आहे. कारागिराची विद्या हेच त्याचं पोट. ती घराण्यात राहिली तर मान आणि काम दोन्ही टिकतं. शिवाय राजाच्या दरबारात चमत्काराची किंमत कळ दिसत नाही तोवरच असते. पण या व्यवस्थेत एक मोठा धोका आहे. विद्या फक्त माणसांत साठवलेली आहे. ती साखळी एकदा तुटली की पोथी हातात असूनही काही बनवता येत नाही. हा ग्रंथ १९२४-२५ मध्ये बडोद्याच्या गायकवाड ओरिएंटल सिरीजमध्ये छापला गेला, म्हणजे सयाजीरावांच्या काळात. पोथी वाचली, हे छानच झालं. पण तेल घालणारी ती बाहुली पोथीवरून पुन्हा उभी करायची म्हटली, तर मधली सगळी जोडणी आपल्यालाच शोधावी लागते.

मापं लिहिणारा माणूस

दीडशे-दोनशे वर्षांनी, आजच्या तुर्कस्तानातल्या दियारबकीरमध्ये, अल-जझारी नावाचा यंत्रज्ञ अर्तुकी राजांकडे नोकरीला होता. राजाने सांगितलं, तू जे बनवलंस ते लिहून ठेव. १२०६ चं त्याचं पुस्तक पन्नास यंत्रांचं आहे. प्रत्येक यंत्राचं चित्र, भागांची नावं, मापं, कुठला भाग आधी बनवायचा आणि तो कसा जोडायचा, हे सगळं त्यात आहे.

त्यातली एक होडी प्रसिद्ध आहे. होडीत वादकांच्या बाहुल्या बसलेल्या. पाणी साठतं, ठरावीक वेळाने सुटतं, चाक फिरतं. चाकाच्या आसावर खुंट्या ठोकलेल्या असतात. खुंटी आली की पट्टी दाबली जाते, पट्टी दाबली की वादकाचा हात हलतो. आपल्या देखाव्यातल्या भीमाची गदा आणि ही होडी यांच्यात तत्त्वाचा फारसा फरक नाही.

आणि हे पुस्तक सविस्तर असल्याचा परिणाम काय झाला? १९७४ मध्ये डोनाल्ड हिल यांनी त्याचं इंग्रजी भाषांतर केलं, आणि १९७६ मध्ये लंडनमध्ये झालेल्या इस्लामी जगताच्या महोत्सवासाठी त्यातली काही यंत्रं पुन्हा बांधली गेली. पावणेआठशे वर्षांनी, दुसऱ्या भाषेत, दुसऱ्या खंडात! गुरू नाही, घराणं नाही, तरी विद्या पोचली.

चहा आणणारी बाहुली

तिसरा थांबा जपान. तिथे एक बाहुली होती. ताटलीत चहाचा पेला ठेवला की ती पाहुण्याकडे चालत जाते. पाहुण्याने पेला उचलला की थांबते. रिकामा पेला परत ठेवला की वळते आणि यजमानाकडे परत जाते. आत लाकडी दातेरी चाकं, आणि स्प्रिंग व्हेलच्या तोंडातल्या लवचिक पट्टीची. पेल्याचं वजन म्हणजेच चालू-बंदची कळ.

१७९६ मध्ये होसोकावा हान्झो यांचं ‘काराकुरी झुई’ हे तीन खंडांचं सचित्र पुस्तक आलं. त्यात घड्याळांची आणि या बाहुल्यांची आतली रचना, भाग सुटे करून, चित्रांसकट दिली होती. विसाव्या शतकात जपानी अभ्यासकांनी त्यावरून ही बाहुली पुन्हा बनवली, आणि आज तिचे जोडणीचे संच विकत मिळतात.

त्याच काराकुरी परंपरेतला तानाका हिसाशिगे १७९९ मध्ये जन्मला. भात्यातून बाण उचलून धनुष्याने सोडणारा मुलगा ही त्याची गाजलेली बाहुली. पुढे १८७५ मध्ये त्याने टोकियोत कारखाना काढला, आणि आजच्या तोशिबाचं एक मूळ तिथे आहे. बाहुल्या बनवणं हा ‘टाइमपास’ आहे असं ज्यांना वाटतं, त्यांना हे उदाहरण मी हमखास देतो.

दुसरं उदाहरण चार्ल्स बॅबेजचं. लहानपणी आईबरोबर लंडनमध्ये मर्लिन नावाच्या कारागिराकडे गेला असताना त्याने चांदीची एक नाचणारी बाहुली पाहिली. १८३४ मध्ये तीच बाहुली त्याने लिलावात विकत घेऊन दिवाणखान्यात ठेवली. त्याच काळात तो जे यंत्र कागदावर आखत होता, त्याला आपण संगणकाचा पूर्वज म्हणतो. त्या यंत्राला सूचना द्यायला त्याने जाकारच्या मागाची छिद्रं पाडलेली कार्डं निवडली. आणि जाकारच्या आधी असा आपोआप चालणारा माग कुणी बनवला होता? पॅरिसमध्ये यांत्रिक बदक दाखवणाऱ्या व्होकान्सोनने.

उघडी पेटी

विसाव्या शतकाच्या शेवटी एक बदल झाला. १९७९ मध्ये इंग्लंडच्या कॉर्नवॉलमधल्या फालमथ गावात सू जॅक्सन यांनी कॅबरे मेकॅनिकल थिएटर सुरू केलं. पॉल स्पूनर, पीटर मार्की असे कलाकार तिथे छोट्या लाकडी हलत्या बाहुल्या देऊ लागले. यात कळ लपवलेली नव्हती! वर बाहुली, खाली उघडी चौकट, आणि त्यात फिरणारी चाकं हा बघण्याचाच भाग. पुढे सॅन फ्रान्सिस्कोच्या एक्स्प्लोरेटोरियमसारख्या विज्ञान केंद्रांनी लाकडाऐवजी पुठ्ठा घेतला, आणि ही गोष्ट शाळांच्या वर्गात शिरली.

आपल्याकडे तोच दरवाजा अरविंद गुप्तांनी उघडला. आयआयटी कानपूरचे इंजिनिअर, काही वर्षं पुण्यात टेल्कोत, मग सायकलच्या व्हॉल्व्ह ट्यूबमध्ये काड्यापेटीच्या काड्या खोचून भूमिती शिकवणारा माणूस. पुण्यात आयुकाच्या मुक्तांगण विज्ञान शोधिकेत त्यांनी अनेक वर्षं कचऱ्यातून खेळणी बनवली, आणि ती कशी बनवायची हे मराठीसह अनेक भाषांत फुकट उपलब्ध करून दिलं. भोजाच्या अगदी उलट भूमिका. सांगितलं तरच फळ मिळतं.

वर्गात नेमकं काय होतं

आता करायचं कसं ते सांगतो. बुटांचा खोका आडवा ठेवा. दोन्ही बाजूंना भोकं पाडून त्यातून बांबूची काडी किंवा सायकलची जुनी तार घाला, एका टोकाला वाकवून दांडा करा. जाड पुठ्ठ्याची गोल चकती कापा, पण भोक मध्यभागी पाडू नका, एक सेंटिमीटर बाजूला पाडा. ही झाली कॅम. खोक्याच्या छतात कॅमच्या बरोबर वर स्ट्रॉचा तुकडा बसवा, त्यातून दुसरी काडी उभी सोडा. तिच्या खालच्या टोकाला एक सपाट चकती, वरच्या टोकाला तुमचं पात्र. दांडा फिरवा. पात्र वर-खाली होतं, बरोबर दोन सेंटिमीटर. भोक जेवढं सरकवलं त्याच्या दुप्पट. का? हे मुलांना मोजू द्या, सांगू नका.

मग खेळ सुरू होतो. वरची चकती कॅमच्या टोकाला, एका बाजूला टेकवली की पात्र गिरकीही घेतं. चकतीऐवजी चार पाकळ्यांचं फूल कापलं की एका फेऱ्यात चार उड्या. शंखासारखा आकार कापला की पात्र सावकाश चढतं आणि धपकन पडतं, पण दांडा उलटा फिरवला की सगळं अडकतं. एकाच काडीवर दोन कॅम, एक दुसरीच्या उलट बसवली, की एक उठतो तेव्हा दुसरा बसतो. भीमाची मान आणि गदा वेगवेगळ्या वेळी का हलतात, याचं उत्तर इथे मिळालं.

मित्रांबरोबर आठवीच्या एका वर्गात हे करताना एका मुलीची चिमणी वर जायची आणि तिथेच राहायची. शेजारच्यांनी सांगितलं, भोक मोठं कर. तिने ऐकलं नाही. थोडा वेळ ती नुसती दांडा फिरवत बघत बसली, मग चिमणीच्या काडीला खाली एक लोखंडी नट बांधला. चिमणी खाली यायला लागली. वर ढकलायला कॅम आहे, पण खाली आणायला फक्त वजन आहे, आणि कागदाच्या चिमणीला वजनच नाही! हे वाक्य तिनेच वर्गाला सांगितलं. आमच्या क्षेत्रात याला डीबगिंग म्हणतात, आणि ते शिकायला लोकांना बरीच वर्षं लागतात.

इथे मला जे काळजीचं वाटतं ते बोलतो. आज विज्ञान प्रदर्शनाच्या आठवड्यात बाजारात तयार मॉडेल मिळतं. बटण दाबलं की ते हलतं. परीक्षक बघतात, फोटो निघतो, बक्षीसही मिळतं. पण त्या मॉडेलची कळ मुलाला माहीत नसते, बहुतेक वेळा पालकांनाही नसते. ही गुप्तता भोजाच्या गुप्ततेपेक्षाही वाईट आहे. तिथे निदान गुरूला तरी माहीत होतं. इथे कळ कुणीच लपवलेली नाही, तरी कुणीच बघत नाही. हातात फोन, घरात वॉशिंग मशीन, समोर उत्तर देणारी सॉफ्टवेअर, सगळ्या बंद पेट्या. ‘आत काहीतरी जादू आहे’ असं ज्या मुलाला एकदा वाटलं, ते पुढे विकत घेईल, वापरेल, पण उघडणार नाही.

म्हणून वर्गात हे करणाऱ्या शिक्षकांना एकच विनंती. बाहुली बनली की वहीत तिचं चित्र काढायला लावा. मापं लिहायची, कुठे अडकलं आणि काय बदललं तेही लिहायचं. मग ती वही दुसऱ्या तुकडीला द्या, आणि बघा, फक्त वहीवरून त्यांना ती बाहुली बनवता येते का. नाही आली, तर वहीत काय लिहायचं राहिलं ते दोन्ही तुकड्यांनी मिळून शोधायचं. अल-जझारीच्या पुस्तकाची परीक्षा पावणेआठशे वर्षांनी झाली. तुमच्या वर्गात ती पुढच्या सोमवारी होऊ शकते.

बनवलंत तर खालच्या बाजूचा, चाकांचा फोटो पाठवा. वरची चिमणी नंतर बघू. भेटू पुढच्या भागात!